'ढ' कार्डांची टीम

शाळेत असताना क्रिकेट अटॅक्सची पाकिटं फोडणारी पिढी आता कॉलेजात आहे. पाकीट फोडलं की आधी धोनी, कोहली, गेल शोधायचे. सापडले तर वर्गभर मिरवायचं. आणि उरलेली कार्डं? ज्याचं नाव धड माहीत नाही आणि ज्याचे आकडेही बेताचेच, असं एक कार्ड हटकून चार-चारदा निघायचं. मधल्या सुट्टीत ते कुणी अदलाबदलीतही घ्यायचं नाही. शेवटी त्याची रवानगी कंपासपेटीच्या तळाशी.

अमेरिकेत गेली सत्तरहून जास्त वर्षं एक खेळ खेळला जातोय, त्यात ही सोय नाही. तिथे असं 'ढ' कार्ड टीममध्ये ठेवावं लागतं, मैदानात उतरवावं लागतं आणि त्याच्याकडून कामही काढून घ्यावं लागतं. खेळ आहे टेबलावरचा बेसबॉल. लागतात फक्त फासे, कार्डं, कागद आणि पेन्सिल. चार्जिंगची भानगड नाही. यात स्टार खेळाडूंची कार्डं कुणीही खेळवू शकतं. कस लागतो तो खालच्या कार्डांना खेळवताना. आणि ती कार्डं जरा नीट वाचली, तर आपल्या मार्कशीटकडे बघायची नजरही थोडी बदलते.

बुक क्रिकेटचा अमेरिकन भाऊ

बुक क्रिकेट तर सगळ्यांनीच खेळलंय. पुस्तक उघडायचं, पान नंबरचा शेवटचा आकडा म्हणजे रन, शून्य आलं की आऊट. फक्त त्यात एक गोची आहे. कागदावर नाव सचिनचं लिहा नाहीतर अकराव्या नंबरच्या बॉलरचं, शून्य येण्याची शक्यता दोघांनाही सारखीच. पुस्तकाला कोण बॅटिंग करतंय याच्याशी काही देणंघेणं नसतं.

अमेरिकेतल्या काही डोकेबाज मंडळींनी नेमकी हीच गोची सोडवली. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टरचे जे. रिचर्ड साइट्झ यांनी १९५१ मध्ये 'ॲपबा' नावाचा खेळ विकायला काढला. त्यात प्रत्येक खेळाडूचं वेगळं कार्ड आणि दोन फासे. एक फासा दशक, दुसरा एकक. म्हणजे ११ पासून ६६ पर्यंत ३६ शक्यता, आणि प्रत्येक शक्यतेसमोर त्या खेळाडूच्या आधीच्या सीझनच्या कामगिरीनुसार ठरलेला आकडा. पिचरना, म्हणजे बेसबॉलमधल्या बॉलरना, तर चक्क ए, बी, सी, डी अशा ग्रेड. डी म्हणजे तळाचा.

दहा वर्षांनी, १९६१ मध्ये, 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' आला. त्याचा जनक हॅल रिचमन हा बकनेल युनिव्हर्सिटीत गणित शिकलेला तरुण. शाळकरी वयापासून तो फाशांच्या शक्यतांची गणितं मांडत बसायचा. खेळ बाजारात आणला, पण सुरुवातीला पैसे बुडाले. मग त्याने वडिलांकडून पाच हजार डॉलर उसने घेतले. अट एकच: या वेळीही जमलं नाही, तर गुपचूप वडिलांच्या धंद्यात यायचं. ती वेळ आली नाही. न्यूयॉर्कजवळच्या ग्लेन हेडमध्ये कंपनीचं ऑफिस होतं. दर हिवाळ्यात नव्या सीझनची कार्डं निघायची, त्या दिवशी तिथे थंडीत कुडकुडत चाहत्यांची रांग लागायची. २०२० मध्ये कोरोनामुळे खरे सामने थांबले, तेव्हा या कंपनीने ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे रोज आपले 'सामने' खेळवून निकाल जाहीर केले होते.

आपल्याकडच्या फँटसी क्रिकेटचं मूळही अमेरिकन बेसबॉलमध्येच सापडतं. डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी १९८० मध्ये 'रोटिसरी लीग' सुरू केली, त्यातून फँटसी खेळांचं आजचं रूप घडत गेलं. पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. फँटसीमध्ये तुम्ही आवडतील ते खेळाडू निवडता, बाकीचे गेले उडत. टेबलावरच्या खेळात एखाद्या वर्षीची एखादी टीम घेतलीत, की ती सगळीच्या सगळी तुमची. स्टारही तुमचे, आणि बेंचवरचे ढही तुमचेच.

कार्ड वाचायचं कसं?

त्याआधी बेसबॉलचा एक नियम डोक्यात घ्या. तिथे अपयश हीच नेहमीची गोष्ट असते. दहापैकी तीन वेळा हिट मारणारा बॅटर उत्तम समजला जातो. हे प्रमाण हजारात सांगायची पद्धत आहे, म्हणून त्याला 'तीनशेचा बॅटर' म्हणतात. अडीचशेच्या आसपास म्हणजे चालण्यासारखा. दोनशे म्हणजे काठावर, कधीही घरी पाठवला जाईल असा.

आता स्ट्रॅट-ओ-मॅटिकचं कार्ड. बॅटरच्या कार्डावर १, २, ३ असे तीन रकाने. पिचरच्या कार्डावर ४, ५, ६ असे तीन. फासेही तीन: एक पांढरा, दोन रंगीत. पांढऱ्यावर १ ते ३ आलं तर बॅटरच्या कार्डात बघायचं, ४ ते ६ आलं तर पिचरच्या. उरलेल्या दोन फाशांची बेरीज करायची आणि त्या ओळीत जे छापलंय ते मैदानात घडलं असं धरायचं. होम रन, सिंगल, वॉक, स्ट्राइकआउट, झेल, काहीही.

यातही मेख आहे. दोन फाशांची बेरीज ७ सहा प्रकारे येते, पण २ किंवा १२ फक्त एकाच प्रकारे. त्यामुळे ज्याचा होम रन सातच्या ओळीत, त्याची रोजची दिवाळी. ज्याचा दोनच्या ओळीत, त्याचा होम रन दसऱ्या-दिवाळीलाच. एकूण शक्यता २१६. त्यातल्या १०८ बॅटरच्या हातात, १०८ समोरच्या पिचरच्या हातात.

माणसापेक्षा कार्ड वाईट

इथे एक गणित येतं. सोपं आहे, पळू नका.

समजा लीगची सरासरी २६० आहे आणि आपला बॅटर २०० चा. अर्धे फासे पिचरच्या कार्डावर पडणार, आणि सरासरी पिचरचं कार्ड २६० च्या हिशेबाने बनलेलं. मग दोन्ही मिळून २०० यायचे असतील, तर बॅटरच्या स्वतःच्या कार्डावर किती हवेत? २०० नाही, १४० हवेत. कारण १४० आणि २६० ची सरासरी २००. म्हणजे त्याच्या वाट्याच्या १०८ शक्यतांपैकी जेमतेम १५ हिट्स. उलट ३२० च्या बॅटरच्या कार्डावर ३८० लागतात, म्हणजे १०८ पैकी ४१. वॉक वगैरे बाजूला ठेवून केलेला हा ढोबळ हिशेब, पण मुद्दा लक्षात येतो. प्रत्यक्षात दर शंभर प्रयत्नांत दोघांमध्ये फरक १२ हिट्सचा. कार्डं शेजारी ठेवली तर मात्र एक हिऱ्यांनी मढवलेलं आणि दुसरं ओसाड माळरान.

थोडक्यात, वाईट कार्ड हे त्या माणसापेक्षा नेहमीच जास्त वाईट दिसतं. यात कुणाचा दुष्टावा नाही. निकालात समोरच्याचाही अर्धा वाटा असतो, तो कार्डाच्या दुसऱ्या बाजूला जातो आणि उरलेला सगळा फरक याच्या एकट्याच्या माथी छापला जातो. एका मार्काने कट ऑफ हुकलेल्यांना ही भावना समजावून सांगायला नको.

ज्याच्या नावाने 'नापास'ची रेषा निघाली

बेसबॉलमध्ये २०० च्या सरासरीला एक नाव आहे, 'मेंडोझा लाइन'. त्याच्या खाली गेलात की संपलात. ही रेषा ज्याच्या नावाने ओळखली जाते तो मारिओ मेंडोझा, मेक्सिकोतल्या चिवावाचा. १९७९ मध्ये तो सिॲटल मरिनर्सकडून १४८ सामने खेळला. ३७३ वेळा बॅटिंग, ७४ हिट्स, सरासरी १९८. त्याच्याच टीममधल्या मित्रांनी चेष्टेत हा शब्द काढला, तो जॉर्ज ब्रेटसारख्या मोठ्या बॅटरच्या तोंडी गेला आणि पुढे टीव्हीवरच्या ख्रिस बर्मनने तो घरोघरी पोचवला. आज अमेरिकेत कशाचीही अगदी किमान पातळी सांगायला 'मेंडोझा लाइन' म्हणतात. बिचाऱ्याचं नाव भाषेतच जाऊन बसलं.

पण एक प्रश्न कुणी विचारत नाही. इतकी वाईट बॅटिंग करणाऱ्याला मॅनेजरने १४८ सामने खेळवलं कशाला?

उत्तर कार्डाच्या दुसऱ्या कोपऱ्यात असतं. स्ट्रॅट-ओ-मॅटिकच्या कार्डावर बॅटिंगशिवाय फिल्डिंगचीही रेटिंग असते. १ सर्वोत्तम, ५ सर्वात वाईट. काही फेकींत निकाल थेट मिळत नाही, 'चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला, आता बघू' एवढंच कळतं. मग वीस आकड्यांची आणखी एक फेक होते आणि शॉर्टस्टॉप कसा आहे त्यावर आऊट की हिट ते ठरतं. शॉर्टस्टॉप ही मैदानातली सगळ्यात धावपळीची जागा, आणि मेंडोझा तिथला कसलेला फिल्डर होता. मेक्सिकोत त्याला 'रेशमी हातांचा' म्हणत. २००० मध्ये मेक्सिकोच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. जो इकडे नापासाची रेषा, तोच तिकडे मानाच्या भिंतीवर. आणि हो, १९८० मध्ये त्याची सरासरी होती २४५. ते कार्ड मात्र कुणाच्या लक्षात नाही.

बॉब युकर हा त्याच रेषेवरचा दुसरा प्राणी. १९६२ ते १९६७ या सहा सीझनमध्ये २९७ सामने आणि कारकिर्दीची सरासरी बरोब्बर २००. त्याने स्वतःच्या या सुमार खेळावर इतके विनोद केले, की त्यातूनच त्याची दुसरी कारकीर्द उभी राहिली. १९७१ पासून २०२४ पर्यंत तो मिलवॉकी ब्रुअर्सचा रेडिओ कॉमेंटेटर होता. २००३ मध्ये त्याला कॉमेंटेटर्सचा सर्वोच्च मान समजला जाणारा फोर्ड सी. फ्रिक पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये तो गेला, तेव्हा बेसबॉलवेडी अमेरिका हळहळली. सहा वर्षांचं ढ कार्ड आणि त्यावर पन्नासहून जास्त वर्षांचा संसार!

नेमका कुठला आकडा बघताय?

मुरलेले खेळाडू वाईट कार्ड हातात आलं की लगेच फेकत नाहीत. ते उलटसुलट करून बघतात, कारण प्रत्येक वाईट कार्ड एकाच प्रकारे वाईट नसतं.

रॉब डिअरचं १९९१ चं उदाहरण घ्या. डेट्रॉइटच्या या बॅटरची सरासरी १७९, म्हणजे मेंडोझाच्याही खाली. १७५ स्ट्राइकआउट. सरळ कचरापेटी? थांबा. त्याच वर्षी त्याचे २५ होम रन आहेत आणि ८९ वेळा त्याने वॉक मिळवलाय. सरासरीच्या आकड्यात वॉक धरलेच जात नाहीत. पण कार्डावर ते सगळे असतात. म्हणजे हा बॅटर बरेचदा आऊट होणार हे खरं, पण अधूनमधून सामना फिरवूनही टाकणार.

अँथनी यंगची कथा त्याहून भारी. न्यूयॉर्क मेट्सच्या या पिचरच्या नावावर १९९२-९३ मध्ये सलग २७ पराभव लागले. हा मेजर लीगमधला विक्रम आहे. १९९३ मध्ये त्याचा हिशेब १ विजय, १६ पराभव. पण दर नऊ इनिंग्जमागे त्याच्या खात्यावर लागलेले रन होते ३.७७, म्हणजे त्या लीगच्या सरासरीपेक्षा थोडे चांगलेच. त्या वर्षी त्याची टीम १०३ सामने हरली होती. पिचरचं कार्ड बनवताना बघतात ते त्याने किती हिट्स दिल्या, किती वॉक दिले, किती होम रन खाल्ले. विजय-पराभव तिथे मोजत नाहीत. सगळ्या देशाने ज्याला पनवती ठरवलं, त्याला खेळाच्या कार्डाने मात्र तसं ठरवलं नाही.

उलटा नमुना डिक स्टुअर्ट. १९६३ मध्ये बोस्टनकडून ४२ होम रन मारले आणि फर्स्ट बेसवर उभं राहून २९ चुका केल्या. चेंडू हातातून इतके निसटायचे की 'डॉक्टर स्ट्रेंजग्लव्ह' हे नाव त्याला कायमचं चिकटलं. वर्गातल्या टॉपरच्याही मार्कशीटवर एखादा विषय काठावर पास असतो, तसंच हे.

एका वर्षाचा फोटो

कार्डाबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते एकाच सीझनचं असतं. बाल्टिमोरच्या ख्रिस डेव्हिसने २०१३ मध्ये ५३ होम रन मारले, मेजर लीगमध्ये सगळ्यात जास्त. त्या वर्षीचं त्याचं कार्ड कुणालाही हवंसं वाटेल. २०१६ मध्ये त्याला सात वर्षांसाठी १६ कोटी १० लाख डॉलरचा करार मिळाला. आणि २०१८ मध्ये? सरासरी १६८, स्ट्राइकआउट १९२. पूर्ण सीझन खेळलेल्या बॅटर्समध्ये मेजर लीगच्या इतिहासातली नीचांकी सरासरी. नाव तेच, माणूस तोच, पण दोन कार्डं शेजारी ठेवली तर ओळख पटणार नाही.

त्यानंतर तर कहर झाला. २०१८ चा शेवट आणि २०१९ ची सुरुवात मिळून सलग ५४ वेळा त्याला एकही हिट मिळाली नाही. हाही विक्रमच. एवढा पैसा घेऊन हे असं, म्हणून प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. १३ एप्रिल २०१९ ला बोस्टनमध्ये अखेर त्याची साधीशी सिंगल लागली, दोन रन आले आणि ओळ तुटली. मधल्या ५४ वेळांपैकी प्रत्येक वेळी तो बॅट घेऊन पुन्हा तिथेच जाऊन उभा राहिला होता. कार्डावर हे छापायला रकाना नाही.

हजेरीची किंमत

आता मैदान सोडून टेबलावर येऊ. समजा एखाद्या नवख्या पोराने अख्ख्या वर्षात दहाच वेळा बॅटिंग केली आणि सहा हिट्स मारल्या. त्याचं कार्ड काढलं तर तो देवच ठरेल! मग त्यालाच रोज खेळवायचा का? म्हणून बहुतेक लीगमध्ये नियम असतो, की प्रत्यक्षात खेळाडू जितका खेळला साधारण तितकाच टेबलावर खेळवायचा. दहा वेळांचा चमत्कार दहा वेळांत संपतो. उरलेल्या सीझनमध्ये कोण खेळणार? तेच, रोज हजेरी लावणारे मध्यम आणि ढ. तेव्हा कळतं की १९८ सरासरीच्या शॉर्टस्टॉपचे १४८ सामने ही केवढी पुंजी आहे.

वाईट कार्ड मिळायलाही आधी मैदानात उतरावं लागतं, तेही शेकडो वेळा. तेवढा वेळ कुणीतरी तुमच्यावर विश्वास टाकावा लागतो. १९०५ मध्ये आर्ची 'मूनलाइट' ग्रॅहम नावाचा खेळाडू न्यूयॉर्क जायंट्सकडून एकुलता एक सामना खेळला आणि त्याला बॅटिंग मिळालीच नाही. पुढे तो डॉक्टर झाला, मिनेसोटातल्या चिझम गावात लोकांचा लाडका होता. पण बॅटर म्हणून त्याचं कार्ड काढायचं म्हटलं तर लिहायचं काय? ना चांगलं, ना वाईट. कोरं. त्यामानाने मेंडोझाच्या कार्डावरच्या त्या ७४ हिट्स म्हणजे श्रीमंतीच.

एटीकेटी लागलेल्या सेमिस्टरचं मार्कशीट किंवा प्लेसमेंटच्या क्रायटेरियाला न टेकणारा सीजीपीए हेही एक कार्डच आहे. ते खोटं नसतं, आणि त्याला शिव्या देऊन उपयोगही नाही. फक्त ते वाचताना या खेळातल्या मुरलेल्या मंडळींसारखं वाचावं: कोणत्या वर्षाचं आहे, काय मोजलंय, काय मोजायचंच राहिलंय आणि फिल्डिंगच्या कोपऱ्यात काय लिहिलंय.

करून बघा

हे सगळं हॉस्टेलच्या खोलीत करून बघता येतं. ल्युडोचे दोन वेगवेगळ्या रंगांचे फासे घ्या. एक दशक, एक एकक. झाल्या ३६ सारख्या शक्यता. आता तुमच्या गल्लीतल्या किंवा कॉलेजच्या टीममधल्या सगळ्यात ढ बॅट्समनचं कार्ड काढा, म्हणजे आधी आठवायला बसा. साधारण बारा बॉलमागे एकदा आऊट होतो? मग ३६ पैकी तीन घरांत 'आऊट' लिहा. डोळे मिटून फिरवलेली बॅट अठरा बॉलमध्ये एकदा लागते? दोन घरांत 'चौकार'. बाकीच्या घरांत एक-दोन रन, बरेच डॉट बॉल आणि एखादा लेग बाय.

घरं भरताना एक गंमत होईल. ज्याला 'त्याला काहीच येत नाही' असं आपण चार चहांवर ठरवून मोकळे झालेलो असतो, त्याच्या नावावर काही ना काही लिहावंच लागेल. मग फासे टाका. ते दोन चौकार कधी पडतील, ते फाशांनाही माहीत नसतं.